पुलावर उतरवलेले ओझे : विनोबा आणि निसर्गाचे औषध



वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की आठ-दहा किलोमीटरवर पवनार लागते. गावाला लागून धाम नदी वाहते. पात्रात काळे खडक आहेत आणि काठच्या टेकाडावर एक आश्रम आहे. मार्च १९३८ मध्ये या नदीच्या पुलावरून एक मोटार पलीकडे गेली. तिच्यात ४२ वर्षांचे एक ब्रह्मचारी बसले होते. त्यांचे वजन ८८ पौंड, म्हणजे अवघे ४० किलो उरले होते. जवळच्या माणसांना त्यांच्या जिवाची काळजी वाटत होती.

ते विनोबा भावे होते. दहा महिन्यांनी त्यांचे वजन १२८ पौंड झाले, म्हणजे जवळजवळ ५८ किलो. हेच विनोबा पुढे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी देशभर पायी निघाले आणि तेरा वर्षे चालत राहिले.

त्या दहा महिन्यांत काय घडले? कोणते औषध लागू पडले? आपल्यापैकी अनेकांना थकवा, झोप न लागणे, डोक्यात सतत विचारांचा गोंगाट असा त्रास असतो. हवापालट करायला हवा असे आपण म्हणतो आणि तो पुढच्या सुटीवर ढकलतो. म्हणून आज विनोबांच्या जीवनाकडे या एका अंगाने पाहू या. भूदानाचे प्रणेते आणि गीताईचे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतोच. निसर्गाच्या सान्निध्यात शरीर आणि मन कसे सावरते, हेही त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

गागोद्याची माती, बडोद्याचे रस्ते

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणात, पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. विनायक हे त्यांचे नाव. डोंगर, शेते, पाऊस आणि फणसाची झाडे यांच्यात त्यांचे बालपण गेले. आई रुक्मिणीबाई भक्तिमान होत्या. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलाला जेवायला वाढायचे नाही, असा त्यांचा नियम होता. आपण जेवण्याआधी एका रोपाची तहान भागवायची, हा संस्कार किती साधा आणि किती खोल आहे पाहा. निसर्गाशी नाते जोडायला अरण्यातच जावे लागते असे नाही. अंगणातल्या वृंदावनापासूनही सुरुवात होते.

पुढे कुटुंब वडिलांकडे बडोद्याला आले. तिथे विनायकाला चालण्याचे वेड लागले. शाळेपेक्षा रस्त्यांवर आणि गावाबाहेर त्याचे मन अधिक रमे. लहान वयातच ब्रह्मचर्याचा निश्चय झाला होता. ब्रह्मचाऱ्याने पादत्राणे आणि छत्री वापरू नये, गादीवर झोपू नये, असे शास्त्रात वाचून त्याने ते नियम लगेच अंगीकारले. भर दुपारी बडोद्याच्या तापलेल्या रस्त्यांवरून तो अनवाणी भटकत असे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पुढे मोठेपणी विनोबांनी या हट्टाकडे वळून पाहिले, तेव्हा त्यात त्यांना स्वतःची चूक दिसली. त्या उन्हातल्या अनवाणी चालण्याने आपले डोळे बिघडले, असे त्यांचे मत झाले होते. तो नियम वनातल्या गुरुकुलात, झाडांच्या सावलीत राहणाऱ्यांसाठी होता. शहराच्या तापलेल्या रस्त्यासाठी तो नव्हता. निसर्गाशी जवळीक हवी, पण त्यातही विवेक हवा, हा धडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांची किंमत देऊन घेतला. आपण तो फुकट घेऊ शकतो.

गांधीजींनी टोकले

मार्च १९१६ मध्ये विनोबांनी घर सोडले. इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला उतरला आणि काशीची वाट धरली. मनात दोन ओढी होत्या, हिमालय आणि बंगालची क्रांती. दोन्हींपैकी कुठेच न जाता ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळ कोचरबच्या आश्रमात गांधीजींना भेटले. शांती आणि क्रांती दोन्ही आपल्याला तिथे एकत्र सापडल्या, असे ते पुढे सांगत.

आश्रमात हा अबोल तरुण कुदळकामापासून दळणापर्यंत सगळे करी. पण शरीर काटकुळे होते. ते पाहून गांधीजींनी त्यांना टोकले. आत्मज्ञानाच्या वाटेवर चालणाऱ्याने शरीर असे दुबळे ठेवू नये, असा त्या बोलण्याचा रोख होता. विनोबांच्या मनावर ते कोरले गेले.

साधकहो, आपल्यातही एक गैरसमज असतो. शरीराची काळजी म्हणजे देहबुद्धी आणि शरीराची हेळसांड म्हणजे वैराग्य, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ज्या शरीराकडून सेवा घ्यायची, जप घ्यायचा, ध्यान घ्यायचे, ते शरीर आपल्याकडे ठेव म्हणून दिलेले आहे. ठेव सांभाळणे हेही कर्तव्यच आहे.

वाईचे वर्ष

१९१७ साली विनोबांनी आश्रमातून एक वर्षाची रजा घेतली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि शांकरभाष्य यांचा अभ्यास करायचा, हा एक हेतू होता. प्रकृती सुधारायची, हा दुसरा. कृष्णाकाठच्या त्या गावात अभ्यासाच्या जोडीने त्यांनी शरीराचीही साधना आरंभली. सुरुवातीला ते रोज दहा-बारा मैल चालत. पुढे त्यात जात्यावरचे दळण आले, मग सूर्यनमस्कार आले. रोज तीनशे नमस्कारांपर्यंत ते पोचले.

त्यानंतर त्यांनी महाराष्ट्रात पायी प्रवास केला. सुमारे चारशे मैल चालले, सिंहगड-तोरण्यासारखे गड पाहिले, गावोगावी गीतेवर प्रवचने केली. रजेचे वर्ष संपताच ते ठरल्याप्रमाणे आश्रमात हजर झाले. दिवसा चालणे, संध्याकाळी गीता, रात्री उघड्यावर किंवा एखाद्या देवळात मुक्काम, असे ते दिवस होते. पुढच्या आयुष्यातल्या पदयात्रेचे बी बहुधा इथेच पेरले गेले असावे.

मग प्रकृती कुठे ढासळली?

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा गांधीजींच्या सांगण्यावरून वर्ध्याला आले आणि तिथल्या आश्रमाची जबाबदारी त्यांनी घेतली. पुढची वर्षे अखंड कामाची होती. मधे तुरुंगवास झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. त्यानंतर वर्ध्याजवळ नालवाडीला राहून त्यांनी एक कठोर प्रयोग सुरू केला. गरीब कातकऱ्याला सुतासाठी जी मजुरी मिळते, तेवढ्यातच आपण जगायचे असे त्यांनी ठरवले. तासन्‌तास एका जागी बसून कातणे, तुटपुंजा आहार, वर कार्यकर्त्यांची, गावांची, खादीची चिंता. प्रयोग मोठा होता, हेतूही पवित्र होता. पण शरीराचा हिशेब हेतू पाहून होत नाही. ते झिजत गेले आणि १९३८ च्या सुरुवातीला ८८ पौंडांवर आले.

पाहा, हा माणूस काही ऐषारामाने आजारी पडला नव्हता. सेवेनेच तो थकला होता. आपल्यापैकी किती जण असे आहेत! घर, नोकरी, आईवडिलांची शुश्रूषा, मुलांचे शिक्षण, त्यावर सत्संगाची जबाबदारी. सगळी कामे चांगलीच, पण सगळी चार भिंतींच्या आत आणि सगळी डोक्यावर.

पुलावर

बातमी गांधीजींच्या कानावर गेली. त्यांनी बोलावून घेतले आणि आपल्याजवळ सेवाग्रामला राहा, शुश्रूषा मी करतो, असे सुचवले. विनोबांनी हसत नकार दिला. गांधीजींच्या मागे कामांचा एवढा डोंगर, त्यात रुग्णही अनेक, त्यांत आपली भर कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग डॉक्टरांचा विषय निघाला, थंड हवेच्या ठिकाणांचा निघाला. विनोबांना दूर कुठे जायचे नव्हते. जमनालाल बजाज यांचा पवनारला धाम नदीकाठी एक बंगला रिकामा होता. तेच माझे थंड हवेचे ठिकाण, असे त्यांनी ठरवले. गांधीजींनी मान्यता दिली, पण एका अटीवर. कामाच्या सगळ्या चिंता सोडून जायचे.

आणि आता तो पूल. मोटार धाम नदीवर आली तेव्हा विनोबांनी मनातल्या मनात तीनदा संकल्प केला की, मी सगळे सोडले आहे. आश्रम सोडला, कार्यक्रम सोडले, चिंता सोडली. संन्यास घेताना उच्चारतात तसा तो उच्चार होता. पलीकडच्या काठावर जो माणूस उतरला, त्याच्या डोक्यावर ओझे नव्हते.

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून इथे थोडे थांबू या. वर्धा आणि पवनार यांच्यात अंतर किती? एका सकाळीत चालून जाता येईल एवढेच. हवा तीच, ऊन तेच, पाणीही फार वेगळे नाही. तरी नालवाडीत जे शरीर झिजत होते, ते पवनारला भरून आले. मोकळी हवा तर दोन्हीकडे होती. पण तिच्यात शिरायला जे मोकळे मन लागते, ते पुलानंतर आले. आपण महाबळेश्वरला जातो, उटीला जातो, हरिद्वारला जातो, आणि सगळी चिंता मोबाइलसकट खिशात घेऊन जातो. मग डोंगर समोर असतो, पण आपण डोंगरात नसतो. परत येतो तेव्हा म्हणतो की काही फरक पडला नाही. फरक कसा पडणार? आपण पूल ओलांडलेलाच नसतो.

पाच मिनिटांची कुदळ

पवनारला आल्यावर विनोबांनी आधी मन रिकामे ठेवले. पुस्तके बाजूला, चर्चा बाजूला. नदी, खडक, शेत आणि आकाश एवढेच सोबतीला. मग ते शेतात चालू लागले. थोडी ताकद आली तेव्हा त्यांनी कुदळ हाती घेतली.

ती किती वेळ? पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशी त्याहून जरा जास्त. असे रोज थोडे थोडे वाढवत त्यांनी खोदण्याचा वेळ नेला. खोदतानाही एकदम जोर नाही. काही घाव घालायचे, थांबायचे, श्वास सावरायचा, पुन्हा घाव घालायचे. विनोबांना गणिताची विलक्षण आवड होती. त्यामुळे त्यांचे खोदणेही हिशेबी होते. शक्ती संपेपर्यंत काम करायचे नाही, शक्ती वाढेल एवढेच करायचे, असे ते सूत्र होते.

विचार करा, पाच मिनिटांत काय होते? पाच मिनिटांत पायाखाली माती लागते, पाठीवर ऊन पडते, कपाळावर घाम येतो, दृष्टी लांबवर जाते. भूक लागते. रात्री झोप येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भूक आणि झोप परत आली की निम्मे आरोग्य परत आले. दहा महिन्यांत चाळीस पौंड वजन वाढले, त्यामागे कोणताही चमत्कार नव्हता. पाच मिनिटांनी केलेली सुरुवात होती आणि एकही दिवस न चुकवण्याची निष्ठा होती.

आपण नेमके उलटे करतो. उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी तासभर चालतो, तिसऱ्या दिवशी गुडघे धरतो आणि आठवड्याने बूट कपाटात ठेवतो.

मातीने दिलेली मूर्ती

या खोदण्यात एक हृद्य प्रसंग घडला. पवनार हे प्राचीन गाव आहे. जमीन खोदताना एकदा विनोबांच्या हत्याराला दगड लागला. माती बाजूला केली तेव्हा एक शिल्प हाती आले. राम आणि भरत यांच्या भेटीचे ते शिल्प होते. धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी भरताच्या भक्तीचे वर्णन केले होते आणि राम-भरत भेटीचे चित्र कुणी काढावे, अशी इच्छाही बोलून दाखवली होती. तेच दृश्य त्यांना पवनारच्या मातीने दिले. ईश्वराची देणगी मानून त्यांनी ती मूर्ती जपली. आजही ती पवनारच्या आश्रमात आहे.

मूर्ती प्रत्येकाला मिळणार नाही. पण जो माणूस केवळ आरोग्यासाठी मातीकडे जातो, त्याला मातीतून आरोग्याहून अधिक काहीतरी मिळते, याची खूण म्हणून हा प्रसंग मनात ठेवावा.

सूर्यासारखे येणे-जाणे

प्रकृती सुधारली आणि कामही सुरू झाले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा पवनारहूनच उभे राहिले. पुन्हा तुरुंग आले. एका तुरुंगवासात त्यांना लहानशा एकांत कोठडीत ठेवले होते. तिथे ना शेत, ना नदी. तरी ते त्या चार-सहा पावलांच्या जागेत तासन्‌तास चालत. मनात नदीकाठ असेल तर कोठडीतही चालता येते. ज्यांना घराबाहेर पडणे शक्य नाही, अशा वृद्ध आणि आजारी साधकांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. खिडकीत येणारी उन्हाची तिरीप आणि घरातल्या घरात टाकलेली पावले हीसुद्धा साधनाच आहे.

१९४६ पासून जवळजवळ दोन वर्षे विनोबा रोज सकाळी खांद्यावर फावडे घेऊन पवनारहून सुरगावला चालत जात. अंतर सुमारे तीन मैल. तिथे ग्रामसफाई करत, मैला उचलत आणि चालत परत येत. ऊन असो, थंडी असो, त्यांनी खंड पडू दिला नाही. सूर्य जसा रोज येतो तसे आपण जायचे, हा त्यांचा आदर्श. एकदा पावसाळ्यात वाटेतल्या ओढ्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. तेव्हा त्यांनी पलीकडच्या माणसाला हाक मारून निरोप दिला की, देवळात जाऊन देवाला सांग, गावचा भंगी आला होता. आणि ते परत फिरले. ते रोज जेवढे चालत तेवढे त्या दिवशीही चालले. सेवा ओढ्याच्या अलीकडे थांबली, पण नेम थांबला नाही.

आकाशाचा आहार

एप्रिल १९५१ मध्ये हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन होते. विनोबा तिथे पायी गेले, सुमारे तीनशे मैल. परतीच्या यात्रेत १८ एप्रिल रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केली. भूदान-गंगा तिथे उगम पावली. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी योजना आयोगाच्या चर्चेसाठी बोलावले, तेव्हाही विनोबा दिल्लीला आपल्या गतीने चालतच गेले. त्यानंतर उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, आसाम असा देश त्यांनी पायांखाली घातला. एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले.

पहाटे तीनच्या सुमारास उठणे, प्रार्थना, अंधारातच चालायला सुरुवात. कंदिलाच्या उजेडात पावले पडत. मग तांबडे फुटे, पक्षी जागे होत, गाव जवळ येई. पोटात जुना व्रण होता, म्हणून आहार दूध-दह्याचा, तोही थोडा थोडा. एवढ्याशा आहारावर हा माणूस रोज दहा-बारा मैल कसा चालतो, याचे डॉक्टरांनाही नवल वाटे. विनोबांचे उत्तर वेगळेच होते. आपल्या आहारात ते आकाशाला पहिले स्थान देत. त्यांच्या लेखी मोकळे आकाश, वारा, सूर्यप्रकाश आणि पाणी हेही अन्नच होते, आणि ताटातले अन्न या सगळ्यांनंतर येत होते.

याचा अर्थ त्यांनी जेवण सोडले होते असा नाही. पण आपण आरोग्य म्हटले की फक्त ताटाकडे पाहतो. काय खावे, किती खावे, कोणती गोळी घ्यावी. पंचमहाभूतांपासून झालेल्या या शरीराला पाचही भूतांचा आहार लागतो. त्यातले एकच पोटात ढकलून बाकीच्या चारांना उपाशी ठेवले, तर शरीर तक्रार करणारच.

चांडीलचा ताप

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर या लेखाचा उपयोग होण्याऐवजी अपाय व्हायचा. डिसेंबर १९५२ मध्ये, आज झारखंडात असलेल्या चांडील येथे, विनोबांना घातक स्वरूपाचा मलेरिया झाला. ताप उतरेना. औषध न घेण्याचा त्यांचा आग्रह होता. ईश्वराची इच्छा असेल तसे होईल, ही त्यांची भूमिका होती. देशभर काळजी पसरली. सहकारी आणि देशातील ज्येष्ठ मंडळी विनवू लागली. अखेर त्या प्रेमापुढे विनोबा नमले आणि त्यांनी औषध घेतले. ताप उतरला आणि पुढे आणखी अकरा वर्षे पदयात्रा झाली.

साधकहो, निसर्ग म्हणजे डॉक्टरांना पर्याय नव्हे. मलेरियाला मलेरियाचे औषध लागते, मधुमेहाला मधुमेहाचे. मोकळ्या हवेत चालायला लागलो म्हणून चालू असलेली औषधे मनाने बंद करू नका. आपला निग्रह मोडून औषध घेतले, याने विनोबा लहान झाले नाहीत. ज्यांचे आपल्यावर प्रेम आहे त्यांचे ऐकणे हीही नम्रताच आहे.

आज विज्ञान काय पाहते आहे

विनोबांनी १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला देह ठेवला. योगायोग असा की त्याच वर्षी जपानच्या वनखात्याने शिनरिन-योकू, म्हणजे वनस्नान, ही कल्पना लोकांपुढे मांडली. जंगलात जायचे, घाई करायची नाही, पाहायचे, ऐकायचे, श्वास घ्यायचा. १९८४ साली अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिक यांनी एका रुग्णालयातील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. सकाळचा उजेड झोपेचे चक्र नीट ठेवायला मदत करतो, उन्हामुळे त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते, हेही आता सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या आजी-पणजींनी हे प्रयोगशाळेत तपासले नव्हते. त्यांनी तुळशीला पाणी घातले, सूर्याला अर्घ्य दिले, वडाला प्रदक्षिणा घातल्या. त्यामुळे त्या रोज उजेडात आल्या, चालल्या, झाडाजवळ थांबल्या. श्रद्धेने त्यांना घराबाहेर आणले आणि बाहेर निसर्ग त्यांची वाट पाहत होता.

आपला पूल कोणता?

आयुष्याच्या अखेरच्या काळात विनोबा पवनारच्या आश्रमातच राहिले. देशभर फिरलेला हा माणूस वृद्धपणी अंगणातली पाने, काड्या, कचरा एकेक करून वेचत असे. ते त्यांना जपासारखे वाटे. उचललेली प्रत्येक काडी म्हणजे एक नाम. आकाशाखाली, वाकून, हळूहळू. त्यांचे चालणे हजारो मैलांवरून अंगणाएवढे झाले, पण मातीशी नाते तुटले नाही.

आपण कुठेही असा, इंदूरला, बडोद्याला, बेंगळुरूला किंवा पुण्याच्या एखाद्या सातव्या मजल्यावर, आजपासून एवढे करून पाहा.

आपला पूल ठरवा. घराचा उंबरठा असेल, सोसायटीचे फाटक असेल, बागेची पायरी असेल. तिथे क्षणभर थांबा. मोबाइल घरी ठेवा किंवा बंद करा आणि मनाशी म्हणा की एवढा वेळ मी सगळे ईश्वरावर सोपवले आहे. मगच पुढचे पाऊल टाका.

पाच मिनिटांपासून आरंभ करा. शक्तीप्रमाणे रोज थोडे वाढवा. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या, डोके झाका, पाणी प्या. बडोद्याचा तरुण विनायक आठवा आणि हट्ट करू नका. हृदयविकार, सांधेदुखी किंवा इतर आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मातीला हात लावा. कुंडी असेल तर कुंडीतल्या. एका रोपाला पाणी घातल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचा नाही, एवढा रुक्मिणीबाईंचा नियम तरी घरात आणा. मुले आपोआप शिकतील.

दिवसातून एकदा आकाशाकडे नुसते पाहा. काही मागू नका. जप चालू असेल तर चालू द्या.

आणि खंड पडू देऊ नका. पूर आलाच, तर ओढ्याच्या अलीकडून देवाला निरोप पाठवा की मी आलो होतो.

सहा महिन्यांनी वजनकाट्यावर काय दिसेल ते प्रत्येकाच्या शरीरावर अवलंबून आहे. पण डोक्यावरचे ओझे काही पौंडांनी नक्की उतरलेले असेल. ४० किलो वजनाचा एक थकलेला सेवक धाम नदीच्या पुलावर आपले ओझे ठेवून गेला आणि पुढे लाखो भूमिहीनांचे ओझे उचलू शकला. आपल्यालाही कुणाचे तरी ओझे उचलायचे आहे, घरातल्यांचे आणि समाजातल्यांचे. त्यासाठी आधी आपले ओझे रोज थोडा वेळ खाली ठेवायला शिकू या.

उद्या सकाळी, सूर्य येईल तेव्हा, आपणही बाहेर येऊ या.